अकरा पक्ष्यांसाठी चांगलं घर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तो मुळात होताच, पण अमेरिकेत आल्यावर वाढीस लागला. त्या काळात शाकाहारी माणसाला इथे संशय घेतल्याशिवाय जेवताच यायचं नाही. बिस्किटांत डुकराची चरबी, जेलीत हाडांचा अर्क, भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी. दुकानात उभी राहून मी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची, आणि मुलगी लांब जाऊन उभी राहायची, म्हणजे ही आपली आई आहे असं कुणाला वाटायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही पार्सिपनी गावाच्या जरा बाहेर घर घेतलं. शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. नवरा आदल्या वर्षी गेलेला. तिच्या मागच्या अंगणात जाळीचं कुंपण, त्यात एक लाकडी खुराडं, सात कोंबड्या आणि चार बदकं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. सुरुवातीला मला त्यांचं कौतुक वाटलं. मग उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की म्हातारी मागे येतच नाही. आठवड्यातून दोनदा कुणीतरी माणूस यायचा, फाटकातूनच दाणे फेकायचा आणि आत पाऊलही न टाकता निघून जायचा. चिखल वाढत होता. बदकं पांढरी होती हे आता आठवूनच सांगावं लागत होतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी नवऱ्याला म्हटलं. "नवरा गेल्यावर ही बाई त्याच्या पक्ष्यांवर सूड उगवतेय."

"अगं, तू पोलिसात असायला हवी होतीस," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

ऑक्टोबर लागला तेव्हा मला राहवेना. उरलेला भात एका भांड्यात घेतला आणि फाटक उघडून आत गेले. पक्ष्यांनी मला असं घेरलं की मी घाबरून भांडंच टाकून दिलं. लहान मुलांच्या प्लास्टिकच्या टबात हिरवं पाणी होतं. एका बदकाचा पाय सुजलेला, ते लंगडत होतं. कोंबड्यांच्या पायांवरचे खवले वर आले होते आणि नखं वाकडी वाढलेली. मला रागानं रडू फुटलं. तशीच जाऊन म्हातारीचं दार वाजवलं, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून.

तिनं दार उघडलं ते वॉकरला धरून. वसंतात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या तिला उतरता येत नव्हत्या. दाणे टाकायला तिनं पैसे देऊन एक माणूस ठेवला होता. सहा महिने ती मागच्या खिडकीतून आपल्या पक्ष्यांकडे नुसती बघत होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं मला टेबलावरचं एक पत्र दाखवलं. कुणीतरी वासाची तक्रार केली होती. नोव्हेंबरअखेर पक्षी हलवले नाहीत तर गावाच्या नगरपालिकेचे लोक येऊन घेऊन जाणार होते, आणि ते कुठे नेतात हे तिनं हातानंच दाखवलं. शिवाय तिची लेक तिला फ्लोरिडाला न्यायला येणार होती.

"तू दिवसभर घरी असतेस, तुझ्याकडे खूप माणसं येतात," ती म्हणाली. "यांना एक चांगलं घर बघून दे. माझ्या नवऱ्यानं अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेत. तेवढं झालेलं बघून मला जायचंय."

मी लगेच हो म्हटलं. तिच्याबद्दल काय काय बोलले होते त्याची लाज वाटत होती.

भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून मी खुराडं साफ केलं, टब घासला, रोज ताजं पाणी भरलं. मग वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली आणि फोन येऊ लागले. माझे प्रश्न ठरलेले होते. यांचं तुम्ही काय करणार? घरात काय शिजतं? ख्रिसमसला काय शिजतं? एका माणसानं आधी वजनच विचारलं, त्याच्यावर मी फोन आपटला. एक बाई म्हणाली, तिला बदकं फार आवडतात. कशी आवडतात, असं मी विचारलं, तर ती गप्प झाली. तिलाही काट मारली. मुलगी म्हणाली, "आई, यू आर बीइंग सो रूड." मी म्हटलं, रूड तर रूड.

आमच्या मराठी मंडळींत एक मालवणकडचे गृहस्थ होते. मशीन शॉपमध्ये फोरमन, राहायचे दूर पश्चिमेला, डेलावेअर नदीच्या अलीकडे. जुनं शेतघर घेतलं होतं त्यांनी. माझ्या नवऱ्याचे मित्र म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांचा स्वतःचाच फोन आला. "वहिनी, मी घेतो की सगळे. माझ्याकडे खुराडं आहे, पंचवीस पक्षी आहेत, अकरानं काय फरक पडतो?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गणपतीच्या कार्यक्रमात, शाळेच्या हॉलमध्ये, याच माणसानं कोंबडी-वड्यांवर अर्धा तास भाषण दिलं होतं. वाटण कसं, रस्सा कसा, कोवळा कोंबडा कसा ओळखायचा. ऐकणारे हात चाटायचेच बाकी राहिले होते. आणि हा माणूस म्हणतो, मी घेतो की सगळे!

शनिवारी ते पिकअप घेऊन आले. आल्या आल्या कुंपणात शिरले आणि एकेक पक्षी उचलायला लागले. डाव्या काखेत धरायचा आणि उजव्या हातानं छाती चाचपायची. बोटं दाबून, नीट. मग पंख उचलून आत बघायचं. कोंबड्या त्यांच्या हातात मुकाट्यानं बसत होत्या, याचंही मला नवल वाटलं नाही. खाटकाच्या हातातही बसत असतील.

"महिनाभर नीट खाऊ घातलं की सुधारतील," ते म्हणाले.

छाती चाचपतो काय, महिनाभर खाऊ घालतो काय! माझ्या डोळ्यांसमोर पातेलंच आलं.

"भाऊजी, सॉरी हं," मी म्हटलं. "कालच दुसऱ्यांना ओके सांगून बसले. तुम्हाला फोन करायचा राहिला."

त्यांना कळलं असावं. "बरं," एवढंच म्हणाले. आणलेली दाण्यांची गोणी मात्र ठेवून गेले. चहाही घेतला नाही.

आता सांगून बसले होते म्हणजे दुसरं कुणीतरी शोधणं भाग होतं. ते लवकरच मिळाले. वीस मिनिटांवर एक डॉक्टर नवरा-बायको राहायचे, मूळचे पुण्याचे. दीड एकर हिरवळ, मागे छोटं तळं, आणि पक्ष्यांसाठी मुद्दाम आणलेलं नवं खुराडं. घर इतकं शाकाहारी की वाढदिवसाचा केकसुद्धा बिनअंड्याचा, घरीच केलेला. मी तिथे जाऊन सगळं पाहिलं. फ्रीजमध्येही डोकावले. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे मुक्या जिवाला कुणी बोट लावणार नाही." तरीही मी त्यांना देव्हाऱ्यासमोर उभं करून कबूल करून घेतलं, की यातला एकही पक्षी कुणाच्या पोटात जाणार नाही. माझा नवरा गाडीत जाऊन बसला होता. त्याला हे बघवत नव्हतं.

म्हातारीला मी सांगितलं की अगदी देवमाणसं मिळाली. तिनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आमच्या स्टेशन वॅगनमधून, खोक्यांत घालून, मी पक्षी पोचवले. बदकं तळ्यात उतरली आणि तासाभरात पांढरी झाली. मला इतकं बरं वाटलं की परतताना मी गाडीत गाणं म्हटलं.

दोन आठवडे डॉक्टरीणबाई उत्साहानं फोन करत होत्या. कोंबड्यांना पोळी आवडते, बदकांना मटार आवडतात. मग एका रविवारी सकाळी फोन आला आणि त्या नुसत्या रडत होत्या.

मी पोचले तेव्हा हिरवळभर पिसं पसरली होती. रॅकून आला होता, कदाचित दोन. कचऱ्याचे डबे उघडणारा, माणसासारखे पंजे असलेला प्राणी, मी त्याला आमच्याही दारात पाहिला होता. तीन बदकं आणि चार कोंबड्या गेल्या होत्या. काही नेल्या होत्या, काही तिथेच पडल्या होत्या. उरलेल्या तीन कोंबड्या गाडी ठेवायच्या छपराखाली वाशावर चढून बसल्या होत्या. लंगडं बदक तळ्याच्या मधोमध होतं आणि हाका मारूनही काठाला येत नव्हतं.

आधी मला त्या दोघांचाच संशय आला, हेही लिहायला हवं. पाहुणे आले असतील, कुणाला तरी दिले असतील, आणि आता रॅकूनची गोष्ट सांगतायत. मग मी झुडपांखाली पाहिलं. तिथे अंडी होती. ढीगच म्हणा ना. काही फुटलेली, काही कुजलेली. डोकं भणभणावं असा वास.

"आम्ही अंड्याला हात लावत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिथे घातली तिथे राहू दिली. त्या वासालाच आला असेल का तो?"

"आणि खुराडं?"

"त्यांना त्यात कोंडून ठेवणं जिवावर यायचं. दार उघडंच ठेवायचो आम्ही. बिचाऱ्यांना मोकळं असू दे म्हणून."

मी त्यांच्यावर काय चिडणार? त्यांनी शब्द पाळला होता. मी वीस प्रश्न विचारले होते, ते सगळे ताटाबद्दल होते. दाराबद्दल एकही नव्हता. मला तरी कुठे माहीत होतं की संध्याकाळ झाली की खुराड्याचं दार लावायचं असतं? म्हातारीचे पक्षी संध्याकाळी आपोआप आत जायचे आणि तिच्या खुराड्याचं मोडकं, कललेलं दार आपोआप मिटायचं, मला वाटायचं सगळीकडे तसंच असतं. तिच्याकडे ते केवळ नशिबानं तसं होतं.

उरलेले चार जीव मी आमच्या गॅरेजमध्ये आणले. बदक पकडायला डॉक्टर स्वतः पँट वर करून तळ्यात उतरले. मग मी म्हातारीकडे गेले. तिची लेक बुधवारी यायची होती. सामान बांधून ठेवलेलं दिसत होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"दार लावत नव्हते?" तिनं विचारलं.

"नाही."

"ते कुणालाही माहीत असतं असं मला वाटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी मालवणच्या भाऊजींना फोन केला. काय तोंडानं बोलले ते माझं मला माहीत. त्यांनी चौकशी केली नाही. किती उरले, एवढंच विचारलं, आणि दुपारी जेवण होताच पिंजरे घेऊन हजर झाले. म्हातारीनंही हट्ट धरला. माझ्या नवऱ्यानं तिला आधार देऊन, पुढच्या बाजूनं वळसा घालून आमच्या गॅरेजपर्यंत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

भाऊजींनी एक कोंबडी उचलली आणि पुन्हा तिची छाती चाचपली. मी तोंड फिरवलं.

"वहिनी, इकडे या. हात लावून बघा."

मी रबरी हातमोजे काढले. इतक्या दिवसांत त्या पक्ष्यांना माझा उघडा हात लागलाच नव्हता. पिसं ऊबदार होती, आणि खाली मधलं हाड विळीच्या पात्यासारखं वर आलेलं.

"पोटभर मिळालं की दोन्ही बाजूंना भरून येतं, हाड लागत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी एकूण एक पक्ष्याचं असंच होतं. स्टार्व्हिंग होते सगळे." डॉक्टरांकडे पोळ्या खायचे की, मी म्हटलं. "पोळीनं काय होणार?"

तरी माझी खोड जाते थोडीच? पिंजऱ्याचं दार बंद व्हायच्या आत मी त्यांना अडवलं. "भाऊजी, एकच सांगा. तुम्ही यांना कापणार नाही ना?"

त्यांनी पिंजरा खाली ठेवला. "वहिनी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आमच्याकडे कोंबडा कापतात. अंडी बंद झालेली कोंबडीही कधी कधी. प्रॉमिस मागाल तर देणार नाही."

म्हातारीला मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. काय चाललंय, असं तिनं विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, की हे कापणार नाही असा शब्द देत नाहीत. मला वाटलं, आता ती पिंजरा परत मागेल.

ती माझ्याकडे नवलानं बघायला लागली. "आम्ही दर वर्षी थंडीआधी कोंबडे कापायचो," ती म्हणाली. "माझा नवरा कापायचा, मी सोलायची. मी तुला चांगलं घर बघ म्हणाले होते."

मग तिनं भाऊजींकडे खुर्ची वळवून घेतली आणि त्यांच्या खुराड्याला कडी कसली आहे ते विचारलं. दोन आहेत, ते म्हणाले, वर एक आणि खाली एक, एकच असली तर रॅकून उघडतो. कोण लावतं? मी लावतो, अंधार पडायच्या आत, आणि मी नसलो तर बायको. म्हातारीनं मान हलवली. लंगडं बदक तिनं मांडीवर घेतलं, त्याचा पाय भाऊजींना दाखवला आणि दोघं त्या सुजेबद्दल बोलत बसले. मी तिथेच उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.