पिनबॉलचे दिवे आणि ताई

माझ्या आत्याच्या मुलाचं रोह्याजवळ, धाटावच्या रस्त्यावर हॉटेल आहे. मी त्याला दादा म्हणतो. मध्यंतरी त्यानं हॉटेलशेजारच्या खोलीत खेळांची मशीनं मांडली. त्यांतलं पिनबॉलचं मशीन मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून आणलेलं. आमच्याकडे असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. काचेखाली उतरतं टेबल, त्यावरून घरंगळणारी पोलादी गोळी आणि खालच्या टोकाला वल्ह्यांसारख्या दोन पट्ट्या. बाजूची बटणं दाबली की पट्ट्या उसळतात, गोळी परत वर जाते. दोन्हींच्या मधून निसटली की गेली. टेबलावर जागोजागी बाण, आणि प्रत्येक बाणाखाली एक एलईडी, सांगाल तो रंग धरणारा.

काही दिवे लागत नव्हते म्हणून दादानं मला बोलावलं. पेणमध्ये माझं लायटिंगचं काम आहे. गणपतीचे मंडप, लग्नं, हळदी. रंगीत दिवा म्हणजे शोभा, हे माझं तेव्हा पक्कं होतं. माणसानं थांबावं, बघावं, फोटो काढावा, दिव्याचं काम तिथं संपलं.

त्या दिवशी ताई माझ्याबरोबर आली होती. ताई माझ्याहून मोठी. लहानपणी तापात तिचे कान गेले. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. आमच्या घराची एक हातांची भाषा आहे. ती शाळेत शिकवतात तशी नाही, आम्हीच वर्षानुवर्षं जमवत आणलेली.

मी वायर तपासून दिवे चालू केले आणि दादाबरोबर चहा प्यायला गेलो. परत आलो तर ताई खेळत होती. आजूबाजूला धाटावच्या कंपन्यांमधून शिफ्ट सुटून आलेले चार-सहाजण उभे. मशीन इंग्रजीत काहीबाही ओरडत होतं, ते त्यांनाही समजत नव्हतं आणि ताईला तर ऐकूच येत नव्हतं. तरी तिची गोळी पडत नव्हती.

मी तिला हातानं विचारलं, कसं काय जमतंय?

तिनं आधी दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या बारक्या दिव्यावर बोट ठेवलं. तो लागलेला असताना गोळी पडली तरी मशीन ती परत देतं. तो विझला की सांभाळायचं. मग डावीकडचा निळा बाण. तो सावकाश लुकलुकत असेल तर सवड आहे, भराभर लुकलुकायला लागला तर आत्ताच मार. हिरवा बाण म्हणजे तिथं गेलेली गोळी मशीन ठेवून घेईल आणि नंतर दोन-दोन एकदम सोडेल. हे सगळं तिनं नुसतं बघून ताडलं होतं. सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता, जणू बाहेरगावी कुणी आपल्या गावचं भेटलं.

त्यानंतर ती रविवारी पेणहून एसटीनं एकटीच जायला लागली. आई म्हणायची, "काय गो, त्या खेळात काय हाय एवढं?" ताई हसायची.

दिवाळी जवळ आली तशी दादानं मला सांगितलं, "मशीन पार झगमगलं पाहिजे. लोकं रील काढतात." मंडपात लावतो तसला कंट्रोलर मी आणला, टेबलावरचे सगळे दिवे मूळ जोडणीतून काढून त्याला जोडले. सगळ्या टेबलावरून इंद्रधनुष्य धावायला लागलं. खरंच देखणं दिसत होतं. दादा खूश, गर्दी खूश.

रविवारी ताई आली. पहिली गोळी गेली, दुसरीही गेली. तिनं बटणांवरचे हात काढले आणि मधला बारका दिवा शोधत राहिली. तो होता, पण आता तोही सारखा रंग बदलत होता. ती माझ्याकडे वळली. हाताची बोटं तोंडापाशी नेऊन भराभर उघडली-मिटली. एका फार बोलणाऱ्या मावशीसाठी आमच्यात ही खूण आहे. मशीन नुसतं बडबडतंय, असं ती म्हणत होती.

मी दादाला म्हणालो, "आतले दिवे पहिल्यासारखे करूया."

"अरे, कोणाला काय फरक पडतोय? बघ की, लोकं कशी उभी हायत."

गर्दीतला कंपनीचा गणवेश घातलेला एकजण म्हणाला, "फरक पडतो, शेठ. आमच्याकडं प्लांटवर पिवळा दिवा लागला तर त्याचा एकच अर्थ. सगळेच लागले तर आम्ही बघायचं कुठं?"

दादा नाही नाही म्हणत मान हलवत राहिला. आमचं काय चाललंय ते ताईनं आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं असावं. तिनं दादाचं मनगट धरलं, त्याला मशीनसमोर उभं केलं, मागे उभी राहिली आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर घट्ट दाबले. मग हनुवटीनं खूण केली, खेळ.

दादा बरा खेळायचा, गोळीच्या खडखडाटावरून अंदाज घेत. पण तेव्हा त्याच्या गोळ्या एकामागून एक गेल्या. लोक हसायला लागले, तोही हसला. ताईनं हात काढले तेव्हा मात्र तो हसायचा थांबून माझ्याकडे वळला.

"हिला कायम असंच असतं, नाय?" त्यानं मला विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मीही कधी स्वतःला विचारला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी टेबलावरचे दिवे मूळ जोडणीला परत जोडले. इंद्रधनुष्य मशीनच्या बाहेरच्या कडांवर नेलं. रील काढणाऱ्यांना तेवढंही पुरलं.

परतीच्या वाटेवर ताईनं मला एक सुचवलं, आणि मला आश्चर्य वाटलं ते एवढंच की, लायटिंगवाल्या भावाला हे आधी कसं सुचलं नाही. आठवडाभरात घरातल्या प्रत्येक खोलीत एक छोटा एलईडी लागला. रंग तिनं ठरवले. दाराची बेल वाजली की निळा. आईनं हाक म्हणून स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की नारिंगी. लाल फक्त कुणाला बरं वाटत नसेल तर, एरवी त्याला हात लावायचा नाही.

आई पहिल्या दिवशी कुरकुरली, "घर हाय का मांडव?" आता ती चहा झाला की नारिंगी लावते, भाजी निवडायला माणूस हवं असलं तरी नारिंगी, आणि शेजारीण गप्पांना आली तरी नारिंगी. ताई दर वेळी कपाळाला हात लावते, पण उठून जाते. परवा तिनं मला सांगितलं, आईसाठी अजून दोन रंग लागतील, एकात तिचं भागत नाही.