मशीनले कुंकू कायले चारता?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, लांजीच्या कॉलेजातल्या बी.ए.च्या एका मुलीला लायब्ररीतून हाकललं. कंप्युटर तिनं बिघडवला म्हणे! तिनं फक्त एक पुस्तक शोधायला बटण दाबलं होतं.

दुरुस्तीला आला तो माझ्या ओळखीचा मेकॅनिक. बालाघाट जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या लायब्रऱ्यांतले कंप्युटर दुरुस्त करत, त्यांत नवे प्रोग्राम भरत हा माणूस बसनं फिरतो. बैलाशी बोलावं तसा कंप्युटरशी बोलतो, आणि तो सुरू होईस्तोवर कोणाचा चहा घेत नाही. त्याचा तिरसटपणा मला आवडतो.

मी तिथंच वाचत बसलो होतो. त्यानं कंप्युटरवरचं मखमली कापड काढून फ्लॉपीची खाच उघडली, तर आत दसऱ्याच्या पूजेचं कुंकू आणि अक्षता.

"पोरीनंच बिघडवला ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"पोरीनं काहून? पूजा तुम्ही केली सर. मशीनले कुंकू कायले चारता?"

सगळं साफ करून त्यानं त्या मुलीला वर्गातून बोलावलं आणि स्वतःची खुर्ची दिली. "बस बाई. आता तूच चालव." प्राचार्य "अहो, अहो" करत राहिले. हा हात बांधून तिच्या मागं उभा. तिचं पुस्तक सापडलं, तेव्हाच त्यानं चहा मागितला.

तुमच्याही कॉलेजात कंप्युटर असाच मखमलीखाली झाकून ठेवला असेल. उद्या जा, ते कापड काढा आणि समोर बसा.