खताच्या दुकानावरचा तत्त्वज्ञ

एकाच माणसावर बावीस वर्षं नियतकालिक काढलं, की त्याच्यापेक्षा आपल्याच गोष्टी जास्त साठतात. आमचा माणूस सतराव्या शतकातला, युरोपातला तत्त्वज्ञ. त्याच्यावरचं आमचं षण्मासिक राहात्यात, खताच्या दुकानाच्या माडीवरून निघतं. संपादक मुळे सर, कॉलेजातून निवृत्त झालेले. टाईप सुनंदाताई करतात. प्रुफं मी बघते.

*

एका संस्थेनं अंकावरचं नाव आणि चित्र पाहून थेट तत्त्वज्ञालाच सत्काराला बोलावलं. सपत्नीक. सरांनी कार्ड टाकलं, "त्यांना येणं शक्य नाही. शिवाय ते अविवाहित आहेत."

*

एक लेखक तिसऱ्यांदा फोन करून विचारत होते, अंक कधी निघणार? सर म्हणाले, "जगात सगळं ठरल्याप्रमाणेच घडतं, असं तुम्हीच लेखात सिद्ध केलंय. मग घाई कशाला?"

*

सुनंदाताई एरवी लग्नपत्रिका टाईप करतात. एकदा एका बड्या प्राध्यापकांचा लेख करताना थांबल्या. म्हणाल्या, "हे मी आधी टाईप केलंय." जुना अंक काढला. पाच पानं दुसऱ्याच्या लेखातून जशीच्या तशी उचललेली.

प्राध्यापक फोनवर भडकले, "टायपिस्टला तत्त्वज्ञान काय कळतं?" सरांनी फोन ताईंकडे दिला.

"तत्त्वज्ञान न्हाई कळत, सर," ताई शांतपणे म्हणाल्या. "पन तुमच्या तिसऱ्या पानावरची शुद्धलेखनाची चूक माझी हाय."

*

पुणतांब्याचे रामनाथराव पेरूचे बागायतदार. खत न्यायला आले, चुकून जिना चढले आणि वर्गणीदार होऊन गेले. अंक ओळन् ओळ वाचतात.

एकदा ते एक अंक घेऊन वर आले. म्हणाले, "सर, ह्यात लिहिलंय, समोरचा तसा का वागला ते कळलं की राग उतरतो. बांधावरून भावाशी आठ वर्षं बोललो न्हाई. तो का तसा वागला, कसं कळायचं?"

सरांनी त्याच अंकाची आणखी एक प्रत काढून दिली. "भावाला द्या. बोलू नका, नुसती द्या."

दोन-तीन महिन्यांनी रामनाथराव पुन्हा आले.

"सर, भाऊ म्हनतो, त्या लेखात चूक हाय."

"कुठली?" सर चष्मा लावत म्हणाले.

"मला न्हाई पटली. तोच सांगंल. खाली गाडी लावतोय."