रोपवालीची माती

कांद्याचं रोप उपटलं की मुळं झटकायची, जुडी बांधायची आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचं, ही जगरहाटी. रोपवाली मात्र मुळं कधी झटकायची नाही. ओल्या वाफ्यात खुरपं घालून मातीसकट जुडी उचलायची आणि गोणपाटात गुंडाळून द्यायची. वर विचारायची, "तान्हं लेकरू परक्या घरी उघडं धाडतं का कुणी?"

खालच्या अंगाचा मळेवाला तिचं जुनं गिऱ्हाईक. तो चेष्टा करायचा, "बाई, रोप विकतेस का माती?"

"रोप विकते. माती फुकट आहे, घे गुमान."

तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत, आणि होताही. नवरा गेल्यावर घरामागच्या टीचभर तुकड्यावर तिनं संसार ओढला, लेक वाढवली, उजवली. वाफा तोच आणि दरसाल कांद्याचाच. जागा बदल म्हटलं की म्हणायची, "चूल कुणी रोज हलवतं का?"

लेकीच्या सासूनं रोपवालीची पोर म्हणूनच तिला सून करून आणली होती. शेताचा रस्त्याकडचा अर्धा भाग सुनेच्या हाती दिला आणि म्हणाली, "बघू, आईचा गुण किती उतरलाय ते." रोपवाली वाफ्यातलं उजवं रोप लेकीसाठी राखायची.

पहिलं पीक बरं आलं. पुढच्या खेपेला मधेमधे पात पिवळी पडली, रोपं खुरटली, कांदा सुपारीएवढा राहिला. सासू तोंडानं तिखट. "नाव रोपवालीचं आणि कांदा लसणाएवढा," म्हणाली.

रोपवाली बघायला आली आणि तिनंही लेकीलाच धारेवर धरलं. "पाणी वेळेवर देत नसशील. लहानपणापासून झोपाळू तू." लेक रोज पहाटेच उठून पाणी देत होती.

मग रोपवालीनं ठरवलं, जमीनच हडकुळी आहे. पुढल्या लावणीला तिनं रोपांबरोबर आपल्या वाफ्याची मातीच गोण्या भरून आणली आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या शेतात पसरली.

"आई, एवढी कशाला?"

"गप. आईची माती कधी बाधत नाही."

त्या साली कांदा धरलाच नाही. सासूनं माती तपासणाऱ्या बाईला बोलावलं. बाईनं चार रोपं उपटली आणि बादलीत मुळं खळबळून धुतली. धुतल्या मुळांवर बारीक बारीक गाठी, माळेत मणी ओवावेत तशा. एक गाठ फोडून तिनं भिंगाखाली धरली आणि सगळ्यांना दाखवली. आत केसाच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळत होतं.

"सूत्रकृमी," बाई म्हणाली. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मुळात शिरतात आणि रोपाच्या तोंडचा घास मधल्यामधे खातात. आपले आपण फार लांब जात नाहीत. रोपाबरोबर, मातीबरोबर कुणीतरी नेतं. रोप कुठलं होतं?"

"बाजारातलं," लेक झटकन म्हणाली.

सासूनं तिच्याकडे बघितलं. रोपवाली खाली बघत होती.

"माझं," ती म्हणाली. "मातीही माझीच."

घरी येऊन तिनं वाफ्यातलं एक रोप उपटलं आणि बादलीत बुडवून धुतलं. जन्म रोपं करण्यात गेला, पण मुळं उघडी करून बघायची वेळच आली नव्हती, कारण ती झटकलीच कधी नव्हती. तिच्या मुळांनाही गाठी होत्या. मग दुसरं धुतलं. मग वाफ्याच्या त्या टोकाचं. पाणी गढूळ झालं तेव्हा थांबली.

मळेवाला रोपं न्यायला आला. तिनं त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या मळ्यातही गेलं असेल," तो म्हणाला.

"गेलं असेल."

त्याला चेष्टा सुचली नाही. पाणीही न पिता उठला. त्यानं चार जणांना सांगितलं, आणि सांगायलाच हवं होतं. रोपवालीच्या दाराशी पुन्हा कुणी आलं नाही. तिनं वाफ्यातलं सगळं रोप उपटून जाळलं.

लेकीच्या अर्ध्या शेतात आता बरीच वर्षं कांदा घेता येणार नव्हता. पलीकडचा अर्धा भाग चांगला होता. सासूनं कुरकुर करत का होईना, तो तिला दिला. लावणीच्या दिवशी रोपवाली न बोलावता गेली. पदर खोचून शेतात उतरणार, तोच लेक हातातली जुडी टाकून धावत आली.

"आई, थांब. तिथंच थांब."

"का गं?"

लेकीनं तिच्या पायांकडे बघितलं. टाचांच्या भेगांत माती बसलेली.

"धुऊन येते की."

"नको, आई," लेक म्हणाली. "एवढ्या वेळेला नको."

रोपवाली रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. लेकीनं तांब्या आणून दिला आणि परत वाकून कामाला लागली. रोप जरा जास्तच खोल लावत होती, रोपाची मान मातीत दबत होती. रोपवालीला ते इतक्या लांबूनही दिसलं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.