भोक मूत्राशयाला होतं

लालबागच्या मैदानावर कौसल्या घाडी मुलींना कबड्डी शिकवायची. गिरणी कामगाराची मुलगी, एके काळची डाव्या कोपऱ्यातली खेळाडू. तिने घोटा धरला की सुटका नसे. तोंडानेही तशीच, पंचाने चुकीचा गुण दिला तर सामना थांबवायची.

गाठी झाल्या म्हणून एका खाजगी नर्सिंग होममध्ये तिची गर्भपिशवी काढली. घरी आली आणि आठवड्याभरात लघवी गळायला लागली. खोकल्यावर, शिंकल्यावर नव्हे. बसली तरी, झोपली तरी, सतत.

"वयानुसार होतं," डॉक्टर म्हणाले. "स्नायू सैल पडतात. व्यायाम करा."

जन्मभर बैठका मारलेल्या बाईला व्यायाम! तिने तोही केला. पुन्हा गेली, तर म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता," आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

मांड्या सोलवटल्या. पॅड, त्यावर फडकी, तरी वास येई. नवरा हितेंद्र गादी उचलून गॅलरीत झोपायला गेला. "काय करू गो, वास सोसवत नाय," म्हणाला. गणपतीत जावेने तिला मोदकांना हात लावू दिला नाही. भांडायला ती कमी नव्हती; पण ओल्या कपड्यांत उभं राहून भांडणार कसं? मैदान सुटलं. दीड वर्ष ती घरात कोंडून राहिली.

तिची जुनी खेळाडू श्रेया आता फिजिओथेरपिस्ट होती. ती भेटायला आली, तर कौसल्या दार उघडेना.

"ताई, मी हलणार नाही इथून."

शेवटी दार उघडलं. श्रेयाने सरळ विचारलं, "खोकल्यावर होतं की सतत?"

"सतत."

"मग हे स्नायूंचं नाही. चला."

सरकारी रुग्णालयात डॉक्टर ऋतांनी नळीतून तिच्या मूत्राशयात निळं पाणी सोडलं. योनीत ठेवलेला कापूस निळा झाला.

"मूत्राशय आणि योनीच्या मध्ये भोक पडलंय," त्या म्हणाल्या. "फिस्टुला. पिशवी काढताना इजा झाली असणार. व्यायामाने हे बुजत नाही, शिवावं लागतं."

"म्हणजे मी वेडी नव्हते," कौसल्या म्हणाली. आवाजात राग होता.

रोबोटने ऑपरेशन म्हटल्यावर ती बिचकली. "मशीन कापणार मला?"

"कापणार मीच. मशीनचे बारीक हात मी बसून चालवणार. पोटावर छोटी छिद्रं पाडून खोल जागी नीट टाके घालता येतात. पण आधी तुमच्या पोटात दुसऱ्यांनी ऑपरेशन केलंय, आत वण आहेत. यश मिळेल असं वाटतं, हमी देत नाही."

इतक्या दिवसांत कुणीतरी खरं बोललं होतं. ऑपरेशन झालं. दोनेक आठवडे लघवीची नळी होती. ती काढल्यावर कौसल्या खुर्चीत बसली, उठली, खुर्चीवर हात फिरवून पाहिला. कोरडी. ती रडली नाही. "त्यांच्याकडे जायचंय मला," एवढंच म्हणाली.

त्याच नर्सिंग होमच्या केबिनमध्ये ती उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "या ऑपरेशनमध्ये हा धोका असतोच. तुम्हाला आधी सांगितलं होतं."

"भोक पडलं ते चुकून झालं असेल. पण सतत गळतंय म्हणून मी ओरडत होते, तेव्हा साधी तपासणी केली नाहीत. गोळ्या दिल्यात झोपेच्या! ती चूक नव्हे, डॉक्टर. माझी तक्रार मेडिकल कौन्सिलकडे गेलीय."

"आवाज खाली करा. बाहेर पेशंट आहेत."

"त्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने बोलतेय!"

ती जिना उतरली, तेव्हा वेटिंगमधली एक बाई मागोमाग आली. गडद रंगाची साडी, पदर घट्ट लपेटलेला.

"ताई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ते सतत गळतं म्हणजे... कसं?"

कौसल्याने तिला बाजूला घेतलं.