दवनीवाड्याचा गठ्ठा

मुर्रीच्या अल्काला राग आला की ती आधी चप्पल शोधते. मारायला नाही हो, पायात घालून तडक निघायला. त्या दिवशी सकाळी साडेसातलाच ती चप्पल शोधत होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. आदल्या संध्याकाळपासून चालू ठेवलेला कॉम्प्युटर एकसष्ट टक्क्यांपर्यंत आला आणि म्हणाला, 'डाउनलोड अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.'

"पुन्हा तुह्या बापानं करावं!" ती पडद्यावर खेकसली.

अकरा वाजता दवनीवाड्याला शालिकरामजींच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. म्हातारा आठवड्यापूर्वी गेला. त्यांची बायको लीलाबाई तेव्हाच अल्काला म्हणाली होती, "मोबाइलात फोटो हायेत, पण ते दवाखान्यातले. नाकात नळी, तोंड सुजलं. तो माहा माणूसच नाही. तू आपल्या रीनाच्या लग्नातला हासरा आण, घरचा अल्बम त वाळवीनं खाल्ला. अख्खा गाव त्याच्यासमोर फूल ठेवन. निदान तोंड त त्याचं असलं पाहिजे."

"आणीन नं, काकी. दोन मिनटाचं काम हाय," अल्का म्हणाली होती. आणि दोन मिनिटांचं काम म्हणून तिनं ते सहा दिवस ठेवून दिलं.

हा फोटो तिलाही काही साधासुधा नव्हता. नवरा रत्नपाल वारला तेव्हा त्याचा स्टुडिओ विकून टाक म्हणणारे डझनभर होते. अल्कानं विकला नाही, कॅमेरा गळ्यात घातला. चार महिने कुणी कुत्रं विचारेना. लग्नात बाई फोटो काढते, शोभते का? तेव्हा शालिकरामजींनी पोरीच्या, रीनाच्या लग्नाचं काम तिला दिलं. भावकीतल्या एकानं नाक मुरडलं तर त्याला भर मांडवात म्हणाले, "काऊन रे, बाईनं बटन दाबलं त फोटोत तू काळा येशीन का? तू तसाई काळाच हायेस!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर असे खदाखदा हसले, की अल्कानं तिथंच बटण दाबलं. दवनीवाड्यातली पुढची सगळी लग्नं, बारशी, गृहप्रवेश तिच्याकडे आले ते त्या दिवसापासून.

तर तो फोटो आता कुठं? वर! गोंदियाच्या कॉम्प्युटर-दुकानवाल्या दुर्गेशनं दोन वर्षांपूर्वी तिचं सगळं क्लाऊडवर चढवून दिलं होतं. घरचा कॉम्प्युटर भरला होता, नव्या लग्नांना जागा नव्हती. चढवल्यावर तिनं खालचं सगळं पुसून टाकलं आणि मोठ्या ऐटीत गावभर सांगितलं, "आता वाळवी नाही खात, पाणी नाही लागत." खरं होतं ते. वाळवीला पोचता येत नव्हतं, आणि आता अल्कालाही.

साडेआठला ती गोंदियात दुर्गेशच्या दुकानासमोर. शटर अर्धं वर, तो अगरबत्ती लावत होता.

"अगरबत्ती ठेव बाजूले. तुह्या त्या क्लाऊडनं माही इज्जत खाल्ली!"

"दीदी, बैठो तो सही. मेरे यहाँ लाइन अच्छी है, हो जाएगा."

त्यानं उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दीदी, एक फोटो के लिए पूरा गठ्ठर उतारना पडेगा. छियालीस जीबी है."

"एकच फोटो काढ नं त्यातला! बाकीचे कायले पाहिजेत मले?"

"निकलता नहीं. सब एक ही झिप में बंधा है. मैंने तब बोला था, हर शादी अलग रखो. आपने ही कहा, एक गाँव का एक गठ्ठा."

म्हटलं होतं तिनं. ठासून म्हटलं होतं. लहानपणी रोवणीच्या वेळी तिची आई धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या बांधायची. ज्या बांदीत, म्हणजे शेताच्या ज्या तुकड्यात लावायच्या, त्या बांदीच्या पेंढ्या एका जागी. मिसळल्या की आई पाठीत धपाटा घालायची. अल्कानं फोटोंनाही तोच कायदा लावला. मुर्रीचा एक गठ्ठा, दवनीवाड्याचा एक गठ्ठा, चौदा वर्षांचा. दुर्गेश बापडा समजावत होता तर ही त्याला म्हणाली होती, "तू मले शिकवू नको."

पण चूक आपली आहे हे कळल्यानं राग कमी होतो असं कोणी सांगितलं? उलट दुप्पट होतो, कारण आता शिव्या द्यायला कुणी उरत नाही. पडद्यावर 'दोन तास बाकी' दिसत होतं. साडेनऊला पाहिलं तर 'तीन तास बाकी'!

"हा भैताड उलटा मोजते का?"

"लाइन पर लोड है, दीदी."

"लोड माह्या डोक्यावर हाय!"

दहा वाजता रीनाचा फोन आला. "ताई, माय विचारते, निघाली का?" अल्का म्हणाली, "हो, निघालीच." खोटं बोलली आणि स्वतःचाच असा संताप आला की दुर्गेशनं पुढं केलेला चहा तिनं घेतला नाही. अकराला पुन्हा फोन वाजला, तिनं उचलला नाही. तिकडं वंदना सुरू झाली असेल, लोक पांढऱ्या कपड्यात रांगेनं उभे असतील. इथं ब्याऐंशी टक्के. मग त्र्याऐंशी.

सव्वाबाराला गठ्ठा उतरला. हजारो फोटोंतून हसणारा म्हातारा शोधला, मोठा काढला, फ्रेममध्ये बसवला. फ्रेम छातीशी बांधून अल्कानं स्कूटी अशी हाणली की रस्त्यात कुणाला हॉर्नही दिला नाही.

दवनीवाड्यात पोचली तर जेवणं उरकली होती. मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता. समोर टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, बाजूला पांढरं कापड टाकलेली रिकामी खुर्ची. दवाखान्यातला फोटो लीलाबाईनं ठेवूच दिला नव्हता. खुर्चीच्या बसायच्या जागेवर फुलांचा ढीग होता. अख्खा गाव कापडाला फूल वाहून गेला होता.

"काकी, ते नेट... अख्ख्या गावाचे फोटो एकाच गठ्ठ्यात बांधले होते, त्यातला एक निघेचना..." अल्कानं सुरुवात केली. सकाळपासूनच्या सगळ्या शिव्या तोंडाशी आल्या होत्या, त्यातली एकही कामाची नव्हती.

लीलाबाईनं फ्रेम हातात घेतली. पदरानं काच पुसली. नवऱ्याचं उघडं तोंड, पुढचा पडका दात, सगळं नीट पाहिलं. अल्काला वाटलं, आता रडेल. लीलाबाई रडली नाही. मान वर करून तिनं रिकाम्या मांडवाकडं पाहिलं.

"आता कोणाले दाखवू हा?"

रीना पुढं झाली, "जाऊ दे, माय," म्हणाली. लीलाबाईनं तिचा हात बाजूला सारला.

"काऊन जाऊ देऊ? इनं दोन मिनिटं म्हटलं होतं." मग अल्काकडं वळून म्हणाली, "माहा त गेला, बिनातोंडाचा गेला. तो तुहा गठ्ठा आज सोड, ज्याचा त्याचा फोटो अलग कर. गावात म्हातारे लय हायेत."