जोडातली फट

आत्या रोज सकाळी गोळ्यांची डबी कानाजवळ धरून उघडायची. डबी अ‍ॅल्युमिनियमची, तळहातात मावेल एवढी. झाकण निघताना ‘टुप्’ असा बारीक आवाज आला की ती समाधानाने मान हलवायची आणि मगच गोळी घ्यायची. आवाज आला नाही तर झाकण पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. रक्तदाबाला तोवर थांबावं लागे.

ही सवय कारखान्यातली. मासेमारीच्या रॉडांच्या कारखान्यात ती सत्तावीस वर्षं जोडाच्या टेबलावर बसली. सगळे तिला जोडवाल्या बाई म्हणायचे. रॉड तुकड्यातुकड्यांचा असतो. खालच्या तुकड्याच्या तोंडातून एक भरीव, वर निमुळती होत गेलेली खुंटी डोकावते आणि वरचा पोकळ तुकडा तिच्यावर बसतो. ती खुंटी घासून घासून नेमकी करायची, एवढंच तिचं काम. जोड ओढून काढताना ‘टुप्’ वाजला तर तो चांगला. आणि लावल्यावर दोन्ही तुकड्यांच्या कडा एकमेकींना टेकता कामा नयेत, मधे अर्ध्या बोटाच्या रुंदीची फट राहिली पाहिजे. वापरून खुंटी झिजते, वरचा तुकडा हळूहळू खाली सरकत जातो. त्याला सरकायला जी जागा लागते ती ही फट. आधीच कडा टेकवून ठेवल्या, तर पहिल्या झिजेलाच जोड ढिला पडतो आणि एक दिवस फेकीबरोबर रॉडचा शेंडाही पाण्यात जातो.

हे तिने मला मी शाळेत असताना समजावलं होतं, छत्रीच्या दांड्यावर. मला ते पाच मिनिटांत कळलं. म्हणून पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. कळायला अवघड असं त्यात काहीच नव्हतं.

कारखान्यात नवे तपासनीस साहेब आले. त्यांच्या खिशात कायम स्टीलची पट्टी असायची, म्हणून बायका त्यांना पट्टीसाहेब म्हणायच्या. पट्टीसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात आत्याच्या टेबलावरचे दोनशे रॉड नापास केले. कारण लिहिलं, जोड पूर्ण बसत नाही. आत्याने कारण सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुंट्या आणखी घासून कडा मिळवा असा हुकूम दिला. आत्या म्हणाली, माझ्या हाताने होणार नाही. झालं नाहीच. तिला पॅकिंगमध्ये पाठवलं आणि खुंट्या दुसऱ्या कुणीतरी घासल्या. वर्षभरात तो सगळा माल शेंडे हरवून परत आला. ती परत आलेली खोकी फोडून आतला माल वेगळा करायचं काम पॅकिंगवाल्यांकडे, म्हणजे आत्याकडेच आलं. तिला कुणी परत जोडाच्या टेबलावर बोलावलं नाही. चार वर्षांनी ती निवृत्त झाली तेव्हा प्रमाणपत्रावर ‘पॅकिंग विभाग’ एवढंच होतं. तिने ते घडी करून शिवणाच्या डब्यात तळाशी टाकलं.

तिच्या शेजारच्या टेबलावर दोरेवाली मैत्रीण बसायची. रॉडवर ज्या कड्यांतून दोरी जाते, त्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधायचं काम तिचं. दोघी दर रविवारी गावामागच्या तलावावर गळ टाकायला जायच्या. नवऱ्यांना डबे करून द्यायच्या आणि स्वतः दिवसभर गायब. मैत्रीण मुलाकडे परदेशी गेली, तिथून तिच्या घरामागच्या नदीबद्दल लिहू लागली. पाणी इतकं थंड की बोटं बधिर होतात, मासा लहान पण अंगावर ठिपके, आणि भारी लबाड. सहा वर्षं ती ‘ये’ म्हणत होती. यजमान होते तोवर आत्या निघाली नाही. ते गेल्यावर दीड वर्षाने तिने स्वतः जाऊन तिकीट काढलं आणि मग घरात सांगितलं.

अडचण रॉडची होती. तिचा जुना रॉड दोन तुकड्यांचा, एकेक तुकडा माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा. विमानात तो बॅगेत मावेना. प्रवासाचा, चार तुकड्यांचा रॉड घ्यावा लागणार होता. तिकडे घेऊ, असं मैत्रीण म्हणाली. पण दुसऱ्याने पारखलेल्या जोडावर माझा मासा मी सोडणार नाही, असं आत्याचं म्हणणं.

दुकानात मी, आत्या आणि दाजी गेलो. दाजी म्हणजे आत्याचे जावई. स्वयंपाकघरातली कपाटं बसवण्याचा त्यांचा धंदा. माणूस सोन्यासारखा, पण दुकानदार पहिल्यापासून त्यांच्याशीच बोलत राहिला. रॉड कुणासाठी, असं त्याने त्यांना विचारलं. सासूबाईंसाठी, असं कळल्यावर बाईंची उंचीही त्यांनाच विचारली. आत्या काउंटरला टेकून समोर उभी होती.

त्याने आधी एकात एक सरकणारा, गुलाबी मुठीचा रॉड काढला. आत्याने तो पूर्ण उघडला, मुठीपाशी धरून हलवला, आणि शेंड्याकडून थरथर आलेली बघून मिटवून परत दिला. पर्समधून तिने गाठ मारलेला दोरा काढला. बॅगेची आतली तिरकी लांबी त्यावर मोजून आणली होती. त्यापेक्षा मोठा तुकडा नको, असं ती म्हणाली. आमिष दहा-बारा ग्रॅमचं असेल, तेवढ्यासाठी वाकणारा हवा, मासा लहान असल्यामुळे शेंडा नाजूक आणि खालचा अर्धा भाग खंबीर. दुकानदाराने हे सगळं ऐकलं आणि दाजींकडे बघून हसला.

मग एक देखणा, काळा, चार तुकड्यांचा रॉड आला. कडा अशा मिळालेल्या की नखही अडकत नव्हतं. बघा, रेषसुद्धा दिसत नाही, असं तो म्हणाला. आत्याने जोड ओढला. काही वाजलं नाही. तिने तो ठेवला आणि कोपऱ्यातल्या परतीच्या गठ्ठ्याकडे गेली. तिथल्या एका चार तुकड्यांच्या रॉडला चिठ्ठी होती, ‘दोष : जोड उघडा राहतो’. तिने तो जोडला, एक डोळा मिटून कड्या एका रेषेत आहेत का पाहिलं, शेंडा छताला टेकवून सावकाश वाकवला. मग एकेक जोड ओढला. तीन वेळा ‘टुप्’. फट सारखी, अर्ध्या बोटाची. कुठल्यातरी कारखान्यात अजून कुणीतरी ऐकून काम करत होतं, आणि इथे त्याच्या कामाला चिठ्ठी लावून कोपऱ्यात टाकलं होतं.

“हाच द्या,” आत्या म्हणाली.

“मावशी, तो खराब आहे. कंपनीला परत जाणार आहे.” मग दाजींना, “तुम्ही सांगा ना त्यांना. परदेशात घेऊन जाणार, चारचौघांत हसं होईल.”

आत्याने त्याला फट का असते ते सांगितलं, छत्री न वापरता, दोन वाक्यांत. त्याने मान डोलावली आणि बिलावर लिहिलं, ‘ग्राहकाने दोष पाहून माल घेतला’. खाली सही मागितली. आत्याने त्याच्याच पेनाने ‘दोष’ खोडलं, वर ‘जोड’ लिहिलं, आणि सही केली. त्याच्या पेनाचं टोपण लावून, एकदा काढून बघितलं. तेही वाजलं नाही.

दाजींनी हे सगळं पाहिलं, पण त्यांच्या डोक्यात तेवढा खोडलेला शब्द राहिला. कपाटाच्या दारात फट राहिली की त्यांना झोप लागत नाही. निघायच्या दोन दिवस आधी आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेली, तेव्हा त्यांनी रॉड काढला आणि बारीक पॉलिशपेपरने तिन्ही खुंट्या घासल्या. तासभर, अगदी प्रेमाने. संध्याकाळी जोडलेला रॉड तिच्या हातात देताना त्यांचा चेहरा फुलला होता. कडा मिळाल्या होत्या. रेषसुद्धा दिसत नव्हती.

आत्याने ओढून बघितलं नाही. ती गच्चीवर गेली, दोरीला शिशाचं वजन बांधलं आणि फेकलं. वजन गेलं, त्यामागोमाग शेंड्याचा तुकडाही दोरीवरून सुटत गेला आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन अडकला. दाजी तो सोडवून घेऊन आले, मोडला नव्हता.

मला वाटलं ती ओरडेल. ती पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली.

“कुणाला विचारलंत?”

“आई, फट दिसत होती. मला वाटलं, त्याने खराब माल आपल्या गळ्यात मारला.”

“दिसत होती, कारण ती ठेवलेली होती. जावईबापू, तुमच्या कपाटाच्या दाराला मी कधी हात लावला? एक बिजागरी इकडची तिकडे केली? सत्तावीस वर्षं मी हे केलं. त्या पट्टीवाल्याने विचारलं नाही. दुकानवाल्याने विचारलं नाही. पण ते परके होते.”

आतेबहीण जिन्यातून म्हणाली, अगं आई, दुसरा घेऊ उद्या. आत्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दुसरा कुठून आणणार? काळा, गुळगुळीत, मुका? तसा घेऊन जाण्यापेक्षा मी नुसती काठावर बसून बघेन, असं म्हणून ती खाली गेली आणि बॅगेतून रीळ, दोरी, आमिषांची डबी काढून कपाटात ठेवू लागली. सहा वर्षांची वाट, आणि ती एकेक वस्तू परत जागेवर ठेवत होती. मला दाजींचा राग आला, पण त्याहून जास्त त्या चिठ्ठीचा, जी लिहिणाऱ्याला कधी कुणी जाब विचारणार नव्हतं.

सकाळी दाजी बारीक दातांची करवत घेऊन आले. आत्याच्या समोर उभे राहिले. डोळे लाल होते.

“आई, काही होऊ शकतं का? तुम्ही सांगाल तसंच करतो.”

आत्याने त्यांना बराच वेळ उभं ठेवलं. मग गोळ्यांची डबी उघडली, ऐकली, गोळी घेतली आणि पेन्सिल मागितली. बारीक झालेली खुंटी वाढवता येत नाही. पण वरच्या तुकड्याचं तोंड थोडं कापलं, तर तो आणखी खाली सरकून खुंटीला आवळून बसतो आणि फट पुन्हा तयार होते. तिने तिन्ही तुकड्यांवर खुणा केल्या. हातात करवत दाजींची, शब्द तिचा. हळू, दाबू नका, फिरवत कापा. पहिला तुकडा कापून झाल्यावर तिने तो खुंटीवर बसवला आणि रॉड दाजींच्या हातात दिला.

“ओढा.”

‘टुप्’ वाजला. दाजींनी तो परत लावला आणि परत ओढला.

“हे ऐकायचं असतं?”

“एवढंच सांगत होते सगळ्यांना.”

एक गोष्ट राहिली. तुकड्यांच्या तोंडाशी दोऱ्याचं घट्ट बांधकाम असतं, ते नसेल तर तोंड उकलतं. कापताना ते गेलं होतं. आत्याला ते जमलं असतं, पण दोऱ्याला तिने कधी हात लावला नव्हता, तसा मैत्रिणीनेही खुंटीला. तिने फोन केला. पलीकडून मैत्रीण हसत म्हणाली, उघड्या तोंडानेच घेऊन ये, दोरा मी येताना चोरून आणलाय कारखान्यातून, पंधरा रिळं.

तिकडून आठवड्याने फोटो आला. मासा नव्हता त्यात. नुसता एक जोड, वर लाल दोऱ्याचं दाट, चकचकीत बांधकाम, खाली अर्ध्या बोटाची फट. दाजींनी तो छापून आपल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणात आतून चिकटवला. मासे नंतर कळले : तीन, तिन्ही सोडून दिले, एकाने आधी बोटाला चावा घेतला.

त्यानंतर ती आणखी दोनदा गेली, तोच रॉड घेऊन. फट दर वर्षी थोडी कमी होत होती, आणि ती आल्यावर मला दाखवायची, जशी एखादी बाई पोराची उंची दाखवते. कारखान्याकडून पत्र वगैरे काही आलं नाही. येणार नव्हतंच.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तिची गोळी मी दिली. घाईत होते, नर्स जायला सांगत होती. डबीचं झाकण लावून ती उशाशी ठेवली. आत्याने डोळे उघडले.

“इतकं दाबून लावू नकोस गं. सकाळी उघडायचंय मला.”